पाठीवर खिसा असलेलं बनियन

आमचे अण्णा, म्हणजे वडील, बेंगळुरूत चिकपेटेत शिंपीकाम करायचे आणि घोरायचे. दोन्ही अगदी मन लावून. दुपारी जेवून उताणे पडले की मांडणीवरची भांडी थरथरायची. मध्येच आवाज बंद. श्वासही बंद! आई हातातलं टाकून धावायची, तोवर ते गचका देऊन पुन्हा सुरू.

आम्ही थट्टा खूप केली, पण एका वर्षी हसू आटलं. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, बघायला आलेली मंडळी दुपारी आमच्याकडेच लवंडली आणि मग नकार आला. बापाचं हे असं, मुलगी काय वेगळी निघणार, म्हणे! अक्का धड जेवेना. मला तर वाटलं, जाऊन त्या मंडळींना चांगलं फैलावर घ्यावं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी समजावलं. झोपेत घशातले स्नायू सैल पडतात, उताणं झोपलं की जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट अडते. तेव्हा कुशीवर झोपा. आता झोपलेल्या माणसाला कुशीची आठवण कोण देणार? पण अण्णा शेवटी शिंपी. त्यांनी बनियनला पाठीवर खिसा शिवला आणि आत दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ घातलं. उताणे झाले की ते टोचायचं. घर एकदम शांत! "हे स्वल्प आधी सुचलं असतं तर," आई म्हणाली.

मग होसकोट्याहून दुसरी मंडळी आली. शिंप्याच्या घरात पाहुण्यांपुढे जुना कपडा घालायचा नाही, हा आमचा रिवाज. आईने अण्णांना कोरं करकरीत बनियन काढून दिलं. खिशाचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही! जेवणं झाली, पुरुषमंडळी बाहेर चटईवर आडवी झाली, आणि झालं सुरू.

"गेलं हेही स्थळ!" आईने कपाळावर हात मारला. मी आणि अक्का दाराआडून बघत होतो. मुलाचे वडील आंबट तोंड करून उठून बसले होते. तेवढ्यात अण्णांचा श्वास अडला. आई धावणार, इतक्यात मुलगाच उठला. त्याने अण्णांना खांद्याला धरून अलगद कुशीवर वळवलं. पाठीशी उशी लावली; ती सरकायला लागली, तसा स्वतःच त्यांच्या पाठीला पाठ लावून बसला.

"काय हा आवाज!" त्याचे वडील म्हणाले.

"हळू बोला," तो म्हणाला, "आता कुठे झोप लागलीय त्यांना."

किती आनंद झाला मला, काय सांगू! आणि आमची अक्का, पाहुण्यांसमोर कधी मान वर न करणारी, सरळ बाहेर गेली.

"मी पसंत आहे की नाही ते तुम्ही सावकाश ठरवा," ती त्याला म्हणाली. "मला तुम्ही पसंत आहात."

बिचारा गडबडून उठायला गेला, पण उठणार कसा? अण्णा त्याच्यावर रेलून गाढ झोपले होते.