सुमनचा आजार आणि माठातले थेंब

"मूत्राशयाचा कॅन्सर आहे," धुळ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हा माझी बायको सुमन माझ्याकडं बघत होती आणि मी फरशीकडं. मूत्राशय म्हणजे लघवीची पिशवी, हे मला त्या दिवशी कळलं.

तिला लघवी लाल व्हायची. आम्ही म्हटलं, उन्हाळी लागली. धण्याचं पाणी पाजलं. ती म्हणायची, "दुखस का? नही ना. मंग डॉक्टर कसाले?" दुखत नव्हतं, तिथंच फसलो.

लाल थांबेना तेव्हा धुळ्याला आणलं. तिथं सिस्टोस्कोपी केली, म्हणजे लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून आत बघतात. बाहेर बाकावर बसून मी एकच विचार करत होतो, हिला कशानं झालं?

आमचं गाव शिरपूरकडचं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं. सुमन ते न गाळता माठात ओतायची आणि वरून क्लोरीनचे थेंब टाकायची. वास आला नाही तर अजून टाकायची.

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बाबा, पाण्यात कुजलेल्या पाल्याचा अंश असला आणि क्लोरीन पडलं, की ट्रायहॅलोमिथेन नावाची रसायनं तयार होतात. वर्षानुवर्षं जास्त पोटात गेली तर या कॅन्सरशी संबंध असावा, असं दिसतं. पण यांना त्यानंच झाला, असं सांगता येत नाही. तंबाखू?"

"मशेरी लावते."

"मग आधी तंबाखूचा संशय घ्यावा लागतो."

म्हणजे पाणी का मशेरी? एवढी मशिनं ठेवून तुम्हाला सांगता येत नाही? मी तोंडावर बोललो. सुमन खाटेवरून म्हणाली, "आधी तुमनी बिडी सोडा, मंग त्यास्ले बोला." बाई हसल्या.

ऑपरेशन झालं, इंजेक्शनं झाली. तरी ती गेली.

घरी येऊन मी थेंबांची बाटली उकिरड्यावर फेकली. सून म्हणाली, "आबा, पोरांना जुलाब लागले तर?" पुन्हा धुळ्याला गेलो, नुसतं विचारायला. बाईंनी बसवून चहा पाजला. म्हणाल्या, "थेंब बंद करू नका. जुलाबानं लहान पोर बघता बघता हातचं जातं. आधी पाणी निवळू द्या, गाळा, मग बाटलीवर लिहिलेत तेवढेच टाका."

आता तसंच करतो. डोक्यातला गोंधळ गेलेला नाही. पण तुम्हाला सांगतो, लघवीत लाल दिसलं तर दुखायची वाट बघू नका. लगेच दाखवा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतो. सुमनची ही पहिली. सून म्हणाली, "विकतचं जारचं पाणी आणू का?" नको म्हटलं. नातवंडं जे पितात, तेच तिच्या घागरीत ओतलं. ओतण्याआधी दोनदा गाळलं, खोटं कशाला बोलू.