पुढची खुर्ची

आमच्या घरात दिसायला मी बरा. हे मी नाही म्हणत, आरसा म्हणतो. धाकट्या बहिणीच्या वाट्याला मात्र जन्मापासून एक जांभळा डाग आला, डाव्या कपाळापासून थेट हनुवटीपर्यंत. गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव ठेवलं ‘नकाशा’. त्यातल्या दोघातिघांचे नकाशे मी बदलून दिले, अजून नाक चाचपत फिरतात. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. शेवटी तीच दारावर थाप मारून म्हणायला लागली, “नकाशा आलाय, कडी काढा.”

मोठी झाल्यावर लोकांनी चिडवणं सोडलं आणि त्याहून वाईट खोड लावून घेतली. तिला बघितलं की मान तिरकी करायची आणि म्हणायचं, “पण मनाने किती सुंदर आहे!” अरे, तुला काय ठाऊक? आत जाऊन बघून आलास? देवाने काय दुकान थाटलंय, की चेहऱ्याला माल कमी पडला तर मनाला वरून मूठभर टाकून द्यायचा?

खरं सांगतो, मी तिचा सख्खा मोठा भाऊ. माझी बहीण महातिरसट. नळावर भांडेल, दुकानदाराशी भांडेल, आत्याने कधीतरी तिच्या लग्नावरून टोमणा मारला तर अजून आत्याला ‘या’ म्हणत नाही. कौतुक तर तोंडातून बाहेर पडेल तर शपथ. मी गाड्यांना रंग मारतो. माझ्यासारखा हात या भागात दुसरा नाही, कुणालाही विचारा. एकदा काळ्या गाडीला अशी चकाकी आणली की पाहणारा चाट पडावा. हिला मुद्दाम दाखवायला नेलं. वाकून बघितलं आणि म्हणते, “माझंसुद्धा तोंड दिसतंय. म्हणजे रंग बरा बसलाय.” संपलं कौतुक!

ही बाजारातल्या एका ब्यूटी पार्लरमध्ये काम करायची. पुढे काचा, दिवे, फिरत्या खुर्च्या. मागे पडदा, पडद्यामागे बेसिन, आणि बेसिनशी आमची नकाशा, बायकांची डोकी धूत. कात्री ती घरी शिकली होती. तुमच्या वहिनीचे, शेजारणींचे, माझेही केस तिनेच कापलेले. हात सरळ, डोळा पक्का. पण पुढची खुर्ची तिला कधी मिळाली नाही. मालकीण, जिला सगळे मॅडम म्हणायचे, ती गोड आवाजात सांगायची, “अगं, पुढे गिऱ्हाईक आरशात बघतं ना. तुझं मागेच बरंय.” याचा अर्थ कळायला शाळा शिकावी लागत नाही.

ती खुर्ची म्हणजे हिचा जीव होता. बोलायची नाही, पण रिकामी दिसली की जाता-येता फडक्याने पुसायची.

मग समोर दुसरं पार्लर उघडलं, आणि आमच्या मॅडमला एकदम मनाच्या सौंदर्याचा पुळका आला. कुठून तरी एक सर पकडून आणले. पांढरा झब्बा, पांढरे बूट, आणि आवाज असा की ऐकताना कानाला मुंग्या लागाव्यात. मी त्याचं नाव ठेवलं ‘मधाची बाटली’. हा बाटली सर बायकांना शिकवायचा की सकाळी उठून आरशासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, ‘मी सुंदर आहे’. मग डोळे मिटायचे आणि छातीत कमळ उमलतंय असं समजायचं. दिवसभर हसतमुख राहायचं. आमची बायको एकदा जाऊन आली आणि दिवसभर माझ्याकडे बघून हसत राहिली. मला वाटलं डॉक्टरकडे न्यावं लागतंय.

अहो, कमळ! दिवसभर स्वतःच्याच छातीत डोकावत बसणाऱ्या माणसाला शेजारचा पाय घसरून पडला तरी दिसणार नाही. आणि याला म्हणे मनाची मशागत!

तर या बाटलीची नजर नकाशावर पडली. मॅडमने तिला बोलावलं. “रविवारी हॉलमध्ये मोठा कार्यक्रम आहे. तू फक्त स्टेजवर बसायचंस. सर बोलतील तुझ्याबद्दल. बाह्य रूप आणि आतलं रूप, असं.”

“आणि मला काय?”

“सोमवारपासून पुढची खुर्ची तुझी.”

घरी येऊन तिने सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. “अगं, तमाशा करतायत तुझा!”

“आजवर फुकट बघत होते,” ती म्हणाली. “आता खुर्ची तरी मिळेल.”

“मी जातो आणि त्या बाटलीचं बूच उडवतो.”

“तू काही उडवू नकोस, दादा. शर्टाला इस्त्री कर आणि पहिल्या रांगेत येऊन बस. आणि टाळ्या वाजवू नकोस. पत्रा ठोकल्यासारख्या वाजतात.”

आता एक गोष्ट इथेच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिच्याकडे एक गिऱ्हाईक यायचं, शाळेतली बाई, आम्ही मास्तरीणबाई म्हणायचो. मोठं दुखणं झालं होतं, औषधाने केस झडत होते. डोक्यावर पाणी पडलं की पुंजकेच्या पुंजके सुटायचे. आमची नकाशा काय करायची, एक हात मानेखाली धरायची, सुटलेले केस मुठीत गोळा करायची आणि गुपचूप एप्रनच्या खिशात टाकायची. बेसिनमध्ये एक केस दिसू द्यायची नाही. डोकं वर उचलायच्या आधी टॉवेल गुंडाळायची. तोंड चालूच, “किती हलता हो, वर्गात पोरांना असंच हलू देता काय?” मास्तरीणबाईंना वाटायचं, आज कमी गेले. घरी आली की ही खिसा कचऱ्यात रिकामा करायची आणि हात धुवायची. तिने कधी एका शब्दाने सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून कळलं, आणि तेसुद्धा खेकसून.

फक्त एक चूक केली तिने. पडदा पूर्ण ओढायला मॅडम परवानगी देईना, वारा येत नाही म्हणे. तेव्हा हिने कारण सांगितलं, “त्यांचे केस जातायत, कुणी बघायला नको.” हे मॅडमच्या पोटात राहायला हवं होतं. मॅडमच्या पोटात फक्त चहा राहतो.

रविवारी हॉल भरला. मी पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीत. बाजूला मास्तरीणबाई, डोक्याला निळा रुमाल. “तिला खुर्ची मिळतेय ना, म्हणून आले,” म्हणाल्या. स्टेजवर आमची नकाशा, दात काढायला बसवल्यासारखी ताठ. बाटलीने दिव्याचा झोत नेमका डाव्या गालावर पाडून घेतला आणि सुरू झाला, “बघा हिच्याकडे. घाबरू नका. डोळ्यांनी नाही, मनाने बघा.” घाबरू नका! वाघ होता काय तिथे? मी मुठी आवळून बसलो. ती मात्र जागची हलली नाही. खुर्ची दिसत होती तिला.

तेवढ्यात मॅडम बाटलीच्या कानाशी लागली. बाटलीचा चेहरा उजळला.

“आणि आज आपल्यात आणखी एक ताई आहेत,” तो म्हणाला. “आजाराने ज्यांचे केस नेले. या ताई, वर या. तो रुमाल काढून टाका. लपवू नका स्वतःला. आम्ही सगळे तुमच्यासोबत आहोत.”

आणि हॉल टाळ्या वाजवायला लागला. एका ठेक्यात. सगळ्या कशा हसतमुख, सगळ्यांच्या छातीत कमळं फुललेली. मास्तरीणबाईंचे दोन्ही हात मानेमागे गाठीवर गेले. सोडायला नाही, धरून ठेवायला. टाळ्या काही थांबेनात.

मी उठणारच होतो. पण ती माझ्याहून चपळ. पायऱ्याबियऱ्या न बघता तिने स्टेजवरून खाली उडी टाकली, मास्तरीणबाईंच्या पुढे येऊन स्टेजकडे पाठ करून उभी राहिली, आणि गाठ आणखी आवळली.

“घट्ट आहे ना?”

“हो.”

“ताई,” बाटली वरून पाझरला, “मोकळं होऊ द्या त्यांना. झाकलं की सौंदर्य कोमेजतं.”

“त्यांचं डोकं माझ्या हाताखालचं आहे,” ही मागे न बघता म्हणाली. “तुम्ही तुमचं कमळ सांभाळा.”

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मॅडम स्टेजच्या कडेला आली आणि दातांतून बोलली, “आत्ताच्या आत्ता वर ये. नाहीतर ती खुर्ची विसर.”

तेव्हा मी बहिणीचं तोंड बघत होतो. डाग असलेली बाजू माझ्याकडे होती. ओठ एकदा दाबले तिने, बस.

“विसरले,” म्हणाली. “दादा, गाडी काढ.”

गाडी गिऱ्हाइकाची होती, रंग पुरता वाळलेला नव्हता, तरी काढली. माझ्या हातचा रंग होता म्हणून टिकला. मागे दोघी बसल्या.

“मॅडमला मीच सांगितलं होतं,” नकाशा म्हणाली. “पडदा हवा होता म्हणून. चूक माझी.”

मास्तरीणबाईंनी रुमालाची गाठ चाचपली. मग म्हणाल्या, “रोज मूठभर जातायत, मला काय कळत नाही? उशीवर दिसतात ना. बेसिनमध्ये तेवढे दिसत नाहीत.” आणि जरा थांबून, “उरलेले काढून टाक. एकदाचे.”

“मी डोकी धुते, बाई. कात्रीला एकही गिऱ्हाईक बसलं नाही माझ्यापुढे अजून.”

“मी बसते.”

माझ्या गॅरेजमध्ये एका टॅक्सीची काढून ठेवलेली सीट होती. ती दारातल्या उजेडात ओढली, वर धुतलेली चादर टाकली. मशीन माझं, दाढीचं. मी रस्त्याकडे तोंड करून दारात उभा राहिलो, कुणाची आत बघायची टाप नव्हती.

लोक अजून विचारतात, हिच्यात हे आलं कुठून. घरचं वळण, मी सांगतो, आमच्या घरात मोठा भाऊ मी आहे. पण पडद्याआड, दुसऱ्याचे गळलेले केस खिशात घालता घालताही थोडं आलं असेल. तो झब्बेवाला हे शिकवणार नाही. त्यात स्टेज लागत नाही ना.

मागून मशीनची घरघर येत होती, आणि आमच्या मनाने सुंदर बहिणीचा आवाज.

“हलू नका! कान केवढे तुमचे, जिथे जावं तिथे कानच!”

आणि मास्तरीणबाई हसत होत्या.