मावशीच्या लाल झेंड्या

माझ्या मावशीइतकी भांडखोर बाई अख्ख्या नाशिकरोडला दुसरी झाली नसेल. रिक्षावाला, दूधवाला, देवळातले गुरव, सगळ्यांशी तिचं एकदा तरी वाजलेलं होतं. पण तिची खरी भांडणं चालत ती घरामागच्या माळासाठी. तिथं पूर्वी रेल्वेचं यार्ड होतं आणि काका त्यात गाड्यांना झेंड्या दाखवणारे पॉइंट्समन होते. पुढे यार्ड बंद पडलं, रूळ उचलून नेले, काकाही गेले. मागे उरली खडी, कमरेएवढं गवत, बाभळी-कडुनिंबांचं रान आणि मावशी.

उन्हाळ्यात टिटव्या त्या खडीत अंडी घालत. अंडी कुठली नि खडी कुठली, ते शोधून कळत नसे. मावशीने काकांच्या ड्युटीच्या लाल झेंड्या फाडून चिंध्या काठ्यांना बांधल्या आणि जिथं अंडी तिथं एकेक काठी रोवली. "लाल दिसलं की थांबायचं! यावर गाड्या थांबायच्या, तुम्ही कोण लागून गेलात?" असं ती क्रिकेटवाल्या पोरांना दरडावायची. गल्लीतल्या म्हशीसुद्धा झेंडी बघून वळतात, हे तर ती शपथेवर सांगायची. एकदा शेजारीण म्हणाली, "ताई, टिटवी अपशकुनी असते हो." मावशी फणकारली, "आमचे हे गेले तेव्हा कोंबडा आरवत होता. त्याचा रस्सा तर ओरपता ना?"

मग माळावर दुकानांचे गाळे बांधायचं घाटू लागलं. मावशी डबा घेऊन कचेऱ्यांमध्ये जाऊन बसू लागली. साहेब मीटिंगमध्ये आहेत असं कुणी म्हटलं, की ती शांतपणे डबा उघडायची. "होऊ द्या. मला कुठं गाडी पकडायचीय?" शेवटी कंटाळूनच म्हणा, माळाचं निसर्ग उद्यान करायचं ठरलं. मावशीने पेढे वाटले, अगदी दूधवाल्यालासुद्धा. तो पेढा त्याने घाबरत घाबरत खाल्ला.

उद्घाटनाचं आमंत्रण द्यायला ती सिन्नरला नणंदेकडे गेली, आणि नेमके त्याच दिवशी ठेकेदाराचे मजूर आले. उद्यान म्हटल्यावर वृक्षारोपण आलंच. गवताला निसर्ग म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. खुणेची लाल झेंडी दिसेल तिथं रोपासाठी खड्डा घ्यायचा, असं त्यांना सांगितलेलं होतं. मावशी परतली तेव्हा तिच्या प्रत्येक झेंडीपाशी खड्डा होता आणि खड्ड्यात गुलमोहराचं रोप. एक मजूर कौतुकाच्या आशेने म्हणाला, "आजी, झेंडी व्हती तिथंच खांदलं. एक बी चुकलं नाय." मावशी भांडली नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. उद्घाटनाला तिला शाल-श्रीफळ दिलं, निसर्गप्रेमावर भाषणं झाली. त्या शालीला काडी लावावी असं मला तेव्हा वाटलं होतं, अजूनही वाटतं.

यंदा तिने एकही झेंडी लावली नाही. एका घरट्यापासून थोड्या अंतरावर ती स्वतःच स्टूल टाकून काकांची छत्री उघडून बसते. वॉचमन शिट्टी मारून म्हणतो, "आजी, गवतात बसायला मनाई हाय." ती त्याच्याशीही भांडत नाही, नुसतं खडीकडे बोट दाखवते. टिटवी मात्र तिच्याच डोक्यावर घिरट्या घालत कर्कश ओरडत राहते. परवा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मावशी, तू हिच्यासाठी उन्हात बसतेस आणि ही तुझ्यावरच ओरडते."

मावशीने छत्री जराशी कलती केली आणि वर पाहिलं.

"ओरडू दे रे तिला," ती म्हणाली. "झेंड्या माझ्याच होत्या ना."