सिन्नरला कोणी वाजवलं

संघर्ष पगारे तसा सरळ माणूस. पाटबंधारे खात्यात कारकून, आवक-जावक टपाल सांभाळणारा. ऑफिसची टाचणीसुद्धा त्यानं कधी घरी नेली नाही. जन्मात एकदाच खोटं बोलला, पण ते असलं दणदणीत बोलला की बावीस वर्षं त्याला निस्तरता आलं नाही.

त्या खोट्याच्या मुळाशी होते सलाउद्दीनभाई. नाशकातल्या द्वारका चौकाजवळ भाईंचं रिक्षांची हूडं आणि सीटं शिवायचं दुकान होतं. आठवडाभर भाई रेक्झिन कापायचे, मशीन हाणायचे, आणि शनिवार-रविवारी ‘हाफ क्लच’ नावाच्या रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचे. मुंबई-पुण्यात या बँडला कुत्रं विचारत नव्हतं. नाशकात मात्र कॉलेजचं गॅदरिंग असो की कंपनीचा वार्षिक दिन, हाफ क्लच पाहिजेच. त्यांचं ‘अडकलोय द्वारकेला’ हे गाणं सुरू झालं की म्हातारेकोतारेसुद्धा उठून उभे राहायचे, कारण द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये अडकला नाही असा नाशिककर अजून जन्माला यायचाय. भाई डोळे मिटून, जीभ दातांत धरून वाजवायचे. कितीदा तर दुकानातली मोजायची टेप गळ्यात तशीच लोंबत असायची.

संघर्ष त्यांच्यामागे वेडा होता. कॉलेजात असल्यापासून बँडच्या टेम्पोत सामान चढव, उतरव, वायरी गुंडाळ, अशा लष्कराच्या भाकऱ्या त्यानं आनंदानं भाजल्या. वाजवता मात्र त्याला ओ की ठो येत नव्हतं. भीमजयंतीच्या मिरवणुकीत हा टाळ्या वाजवायला लागला की शेजारच्यांचा ताल बिघडायचा.

तर सिन्नर. साल दोन हजार तीन. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये कार्यक्रम होता आणि स्टेजला नवीकोरी गुळगुळीत फरशी. पायानं वाजवायचा तो मोठा ड्रम प्रत्येक ठोक्याला बोटभर पुढं सरकायचा. एरवी भाई त्याच्यापुढं फळकुट ठोकायचे, पण मॅनेजर म्हणाला, फरशीला खिळा लावाल तर याद राखा. वीट लावली, वीटही घसरली. शेवटी संघर्ष उठला, ड्रमपुढं फतकल मारून बसला आणि पाठ टेकवून दोन तास त्यानं तो ड्रम अडवून धरला. दर ठोका पाठीत. प्रेक्षकांना वाटलं, हा कोण देवळातल्या नंदीसारखा बसलाय.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याला सरळ उभं राहता येईना. साहेबांनी विचारलं, काय झालं? आणि कोण जाणे कुठलं भूत शिरलं त्याच्या अंगात, तो म्हणाला, “भाईंना ताप भरला साहेब. अख्खा कार्यक्रम मीच वाजवला.”

झालं. बातमी जेवणाच्या सुट्टीच्या आत तिसऱ्या मजल्यावर. त्यातून महिन्याभरानं भाई स्वतःच काही कामानं त्या ऑफिसात उगवले. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, “काय हो, सिन्नरला आमच्या पगारेनं वाजवलं म्हणे?” संघर्षचं धाबं दणाणलं. भाईंनी एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “त्यानंच तर वाजवलं.”

नंतर खाली टपरीवर संघर्ष माफी मागायला लागला तर भाई म्हणाले, “गप रे. चहा घे.” तो विषय पुन्हा त्यांनी काढला नाही आणि याचीही हिंमत झाली नाही. खोटं मात्र वाढतच गेलं. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, सृष्टी. ती शाळेत निबंध लिहायची, माझे पप्पा ड्रम वाजवतात. आता कॉलेजात गेली तरी मैत्रिणींना तेच सांगते. घरात ड्रम का नाही असं तिनं विचारलं की हा म्हणायचा, शेजाऱ्यांना त्रास नको.

मागच्या वर्षी भाई गेले. दुपारी मशीनवर बसल्या बसल्याच गेले, कुणाला काही करायची संधीच मिळाली नाही. संघर्ष आठ दिवस नीट जेवला नाही. वर्षभरानं चाहत्यांनी ठरवलं, भाईंची आठवण काढायची, पण रडत नाही. एका लॉन्सवाल्यानं रविवारी दुपारी हॉल दिला. आणि सिन्नरनंतर बँडमध्ये आलेला गायक सनी, त्याचा संघर्षला फोन आला.

“शेवटी आपलं गाणं वाजवायचं. ड्रमवर तू. भाईंच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवायचा प्रश्नच नाही.”

संघर्षच्या पायाखालची वाळू सरकली. हातात बारा दिवस होते. मोबाईलवर बघून त्यानं सोफ्याच्या उश्या बडवल्या, बायको बाहेर गेली की डब्यांची झाकणं बडवली. हात जमला की पाय राहायचा, पाय आला की हात पळायचा. अकराव्या दिवशी त्यानं मेडिकलमधून क्रेप बँडेज आणलं आणि उजवं मनगट गच्च बांधून घेतलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

हॉल भरला होता. रिक्षावाले, प्राध्यापक, गॅदरिंगमध्ये नाचलेली आणि आता पोटं सुटलेली पोरं. स्टेजवर भाईंचा ड्रमसेट, त्यांनी स्वतः शिवलेल्या लाल रेक्झिनच्या स्टुलासकट. पुढच्या रांगेत भाईंच्या बायको, सकीनाभाभी. सृष्टी दोन मैत्रिणी घेऊन तिसऱ्या रांगेत, मोबाईल तयार ठेवून.

एकेक जण उठून बोलायला लागला. देवळ्याचा एक कांदा व्यापारी म्हणाला, “माझ्या लग्नात भाईंनी इतकं वाजवलं की भटजी मंगलाष्टकं विसरले.” एक नर्सबाई म्हणाल्या, “मी सीट शिवायला म्हणून गाडी न्यायची. माझ्या स्कुटीचं सीट सहा वेळा शिवून झालंय, फाटलं एकदाही नव्हतं.” हॉल नुसता हसत होता. भाभीही पदरानं तोंड झाकून हसत होत्या.

मग सनी माईकवर आला. “शेवटचं गाणं होतं, पण संघर्षचा हात दुखावलाय. तेव्हा...” मागून कोणीतरी ओरडलं, मोबाईलवरचं लावा. सनी म्हणाला, “नाही. भाईंचं गाणं मशीनवर लावायचं नाही. याचा हात बरा झाला की पुढच्या वर्षी बघू. आज गाणं नको.”

लोक चुकचुकले. काही जण उठून चपला शोधायला लागले. संघर्षनं भाभींकडं पाहिलं. त्या मांडीवरची पर्स उचलून उभ्या राहायला लागल्या. भाईंच्या बरसीला भाईंचं गाणं होणार नाही, आणि कशामुळं, तर आपल्या मनगटावरच्या चार फूट चिंधीमुळं. हे काही त्याला सोसेना. तो उठला, स्टेजवर गेला आणि माईकसमोर उभा राहून बँडेज सोडायला लागला. ते लवकर सुटेचना, मेलं.

“हाताला काही झालेलं नाही,” तो म्हणाला. “मला वाजवताच येत नाही. सिन्नरला भाईच वाजवत होते. मी ड्रम सरकू नये म्हणून पुढं पाठ लावून बसलो होतो. बावीस वर्षं मी तुम्हाला खोटं सांगितलं.”

त्याला तिसऱ्या रांगेकडं बघायचा धीर होईना. बघितलं तेव्हा सृष्टीनं मोबाईल खाली घेतला होता आणि ती जमिनीकडं बघत होती.

तेवढ्यात मागून बुधा रिक्षावाला बोलला, अगदी सावकाश. “आमाला ठाऊक हाय की. सिन्नरला म्या म्होरंच बसलो व्हतो. लय हाल झाले व्हते तुजे.”

“मग बोलला का नाहीस कधी?” सनीनं विचारलं. तो बँडमध्ये आला सिन्नरनंतर, त्याला भाईंनी सांगितलं तेवढंच ठाऊक होतं.

“भाई म्हनले, बोलायचं नाय. मग नाय बोललो.”

आता मात्र हशा पिकला. निम्मा हॉल माना डोलवत होता. संघर्षला कळेना, मेल्याहून मेल्यासारखं व्हावं की हसावं. सकीनाभाभी तशाच उभ्या होत्या. त्या पुढं आल्या तसा आवाज आपोआप खाली बसला.

“संघर्षभाऊ, मला तर त्यांनी त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “म्हणाले, त्या पोरानं दोन तास मार खाल्ला, कण्हला नाही. नंतर जो विचारेल त्याला हे सांगायचे, सिन्नरला संघर्षनंच वाजवलं. मी भांडायचे, कशाला खोटं बोलता, अल्लाला काय जवाब देणार? तर हसायचे.” त्यांनी पदर सावरला. “पंचेचाळीस वर्षं संसार केला. माझ्या माणसाचं दुसरं खोटं मला माहीत नाही. एवढं एकच आहे त्यांच्या नावावर. ते आज खरं करून टाका.”

“भाभी, मला येत नाही हो.”

“येतं का असं मी कुठं विचारलं? बसा.”

तो बसला. लाल स्टुलावर, भाईंच्या काड्या हातात घेऊन. सनीनं गिटार उचललं आणि फक्त मान हलवली, तू म्हणशील तसं. पहिल्या ओळीलाच संघर्षचा पाय चुकला. सनी थांबला, गाणं तिथून पुन्हा उचललं. मग हात चुकला. गाणं इतकं हळू चाललं की खरंच द्वारकेला अडकलंय असं वाटावं. पण हॉलमधले सगळे पायानं ठेका धरून त्याला पुढं ढकलत होते, आणि दुसऱ्या कडव्यात कधीतरी सलग चार ठोके बरोबर पडले तेव्हा बुधा खुर्चीवर चढून नाचला. चार मिनिटांचं गाणं, नऊ मिनिटं चाललं. संपलं तेव्हा संघर्ष घामानं निथळत होता आणि रडतही होता, तेही काही त्यानं लपवलं नाही. भाभींनी डोळे पुसले, दोन्ही हात वर करून पुटपुटत दुआ मागितली आणि मग शांतपणे पर्स उचलली.

लोक स्टेजभोवती जमले. त्यांतून वाट काढत सृष्टी आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

“पप्पा, फार वाईट वाजवलंत.”

“हो ना?”

“हो,” ती म्हणाली, आणि ओढणीनं त्याचं कपाळ पुसायला लागली. “पण वाजवलंत.”