रुळांच्या बाहेरची जागा

आमच्या तालुक्याच्या गावात कुणाला 'घाल' म्हणायची सोय नव्हती, माणूस खरंच घालायचा. नव्वद साल उलटलं असेल-नसेल, तेव्हाची गोष्ट. आठवडे बाजाराचा दिवस, आणि रावेरकडून केळी भरून आलेला एक ट्रक बाजाराच्या तोंडाशी अडकला. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. मग खिडकीतून डोकं काढून ओरडला, "सरका, नाहीतर अंगावर घालतो." कुणी तरी रिकामटेकडा म्हणाला, "घाल ना." त्याने घातला.

मेलं कुणी नाही. दोन हातगाड्या गेल्या, एका घोंगडीवाल्याचा पाय मोडला, आणि माझी आई गटारात पडली. आई बाजाराच्या तोंडाशी, अगदी पहिल्या जागेवर, भरताची वांगी घेऊन रोज बसायची. तिच्या टोपलीवरून ट्रकचं चाक गेलं. ती पुढे वर्षभर येईल त्याला हसत सांगायची, की भरीत जागेवरच झालं, फक्त भाजायचं राहिलं. सगळे हसायचे. मला मेलं कधी हसू आलं नाही. चाक आणि तिचा पाय यांत एका टोपलीचंच अंतर होतं.

त्यानंतर वरून आदेश आला, की गर्दीच्या जागी वाहन घुसू नये म्हणून बाजाराच्या तोंडाशी लोखंडी अडसर उभारावेत. आमच्या नगरपालिकेने रेल्वेच्या जुन्या रुळांचे तुकडे पुरायचं ठरवलं. आणि मी नेमकी त्याच पालिकेत, बांधकामाच्या टेबलावर, नवीन लागलेली कारकून. अजून कायम झाले नव्हते. घरात पहिली सरकारी नोकरी माझी, म्हणून आईने गल्लीभर पेढे वाटले होते.

ओव्हरसीयर साहेब धुळ्याचे, माणूस कडक. त्यांना त्या दिवशी जळगावला बैठक होती. त्यांनी नकाशा, टेप आणि एक शिपाई माझ्या हवाली केला आणि म्हणाले, "नकाशाप्रमाणे पांढऱ्या फक्कीची रेघ मारून ठेवा. उद्या खड्डे घ्यायचे."

मी जागेवर जाऊन टेप लावली, तर रेघ बरोबर आईच्या पाठीमागून जात होती. म्हणजे ज्या बाईच्या अंगावर ट्रक आला, ती रुळांच्या बाहेर, आणि आतले कांदे-बटाटे सुरक्षित. मी शिपायाला चहाला पाठवलं. टेपचं टोक दगडाखाली दाबलं आणि रेघ चार हात पुढे, आईच्या समोरून मारली.

आईने वांगी पुसता पुसता वर बघितलं. "हाई काय शे?"

"तुझ्यासाठीच आहे. आता ट्रक येणार नाही."

"ट्रक नही येवाव, मंग मास्तर कथाईन येतीन?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तिचं निम्मं गिऱ्हाईक गाडीवरून उतरतच नसे. मास्तर लोक शाळा सुटली की लुना न बंद करता एक पाय टेकायचे, पिशवी पुढे करायचे, वांगी घ्यायचे आणि भुर्र. रूळ आले की ते बाहेरच्या बाहेर जाणार. पण मला तेव्हा कायद्याचा फार पुळका होता. मी म्हटलं, जीव राहिला तर गिऱ्हाईक. आईने तोंड फिरवलं आणि पुन्हा वांगी पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, रेघ बघितली आणि थांबले. रेघ गटाराच्या पलीकडे होती. पलीकडची जमीन राज्य सरकारच्या बांधकाम खात्याची, पालिकेची नव्हेच. तिथे खड्डा घेतला असता तर दोन खात्यांचा पत्रव्यवहार आमच्या नातवंडांनी संपवला असता.

"ही रेघ कुणी मारली?" साहेबांनी विचारलं.

मी हातातला नकाशा उलगडू लागले. एवढ्यात खालून आई उठली, लुगडं सावरून म्हणाली, "साहेब, मी. या बाईनी बरोबर मारेल व्हती. ती मी पुशी टाकी आनि पुढे वढी. माले आत बसानं व्हतं."

'या बाईनी.' माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही तिने. आणि मी, शिकलेली, नोकरीवाली, उभी राहिले गप.

साहेब भडकले. "आत बसायची एवढी हौस आहे ना? मग बसा आत." आणि आईची जागा बाजाराच्या पार शेवटच्या ओळीत लावली, गुरांच्या हौदाजवळ. नकाशाप्रमाणे रूळ पुरले गेले.

झालं, माझ्या मनासारखंच झालं. आख्ख्या बाजारात माझ्या आईइतकं सुरक्षित कुणी नव्हतं. तिच्यापर्यंत ट्रक येत नव्हता, लुना येत नव्हती, माणूसही येत नव्हतं. म्हशी तेवढ्या यायच्या. आम्ही घरी रोज भरीत खाऊ लागलो. भरीत-भाकरी, भरीत-पोळी, एकदा नुसतंच भरीत. चौथ्या दिवशी ताट पुढ्यात आलं आणि मला रडू कोसळलं. ती म्हणाली, मिरची जास्त झाली का.

सकाळी मी साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिले. म्हटलं, रेघ मी मारली, ती माझी आई आहे, काय करायचं ते करा.

साहेबांनी चष्मा काढला. "ठाऊक आहे. टेप धरल्याशिवाय तसली सरळ रेघ निघते का? तुम्ही कधी बोलताय, त्याची वाट बघत होतो." मग कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "जुन्या जागेवर बसायला पालिकेची हरकत नाही, असं लिहा. पण एक बघा. आत आहेत तोवर त्यांना धक्का लागणार नाही. बाहेरचं मी सांगू शकत नाही. लिहायचं का, ते तुम्ही ठरवा."

मी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं. मग लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे, त्या दिवशी फार वाईट आलं.

संध्याकाळी बाजाराच्या तोंडाशी गेले. आई जुन्या जागी बसली होती, समोर मास्तरांच्या तीन लुना धडधडत होत्या, आणि हाताच्या अंतरावरून केळीचा ट्रक गेला. मला बघून तिने पाठ मागच्या रुळाला टेकवली आणि म्हणाली, "माले टेकाले बरं व्हयनं."