नत्थूजींचा अंगठा

भिवापूरचे नत्थूजी अठरा वर्षांपासून नागपूरच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. कागदावर शिपाई. खरं म्हणाल तर खात्याची सारी अब्रू त्यांच्या उजव्या अंगठ्यावर उभी. मुळाचं कोवळं टोक रंगवून स्लाइडवर ठेवायचं, वर पातळ काच, वर टिपकागद, आणि अंगठ्यानं दाबायचं. कमी दाबलं तर पेशीतल्या गुणसूत्रांचा गुंता सुटत नाही, जास्त दाबलं तर पेशीच फुटते, गुणसूत्रं बाहेर सांडतात. मोठ्या डिग्रीवाल्यांना ते जमत नसे. यांना जमे. बायको जाऊन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. लकडगंजातल्या आरागिरणीमागच्या खोलीत वाट पाहणारा फक्त स्टोव्ह.

बहात्तरच्या जानेवारीत पहाडातून बांजाच्या, म्हणजे ओकच्या, सात बिया पार्सलानं आल्या. या झाडाची गुणसूत्रं मोजून खातेप्रमुख मधुकरराव सरांना लेख छापायचा होता. पाच बिया सडल्या. सहावीला मूळ फुटलं, त्याची एकच स्लाइड मोजण्यासारखी उतरली. सरांनी सूक्ष्मदर्शकातून मोजली. बावीस.

"चोवीस आहेत सर. दोन बाहेर पडून आहेत, कडेले."

"तो कचरा आहे, नत्थूजी. तुमच्या अंगठ्याखाली पेशी कधी फुटली आहे का?"

नत्थूजींनी वापरलेले टिपकागद गोळा केले. फुटली होती. त्याच सकाळी पाहुण्यांसमोर सर ओरडले होते, "ए शिपाई, चहा!" अठरा वर्षांनी नावसुद्धा नाही! तो सारा राग अंगठ्यात उतरला होता. आता खरं सांगावं तर अंगठ्याची अब्रू जाते, आणि दुसरं होतं काय त्यांच्याजवळ?

लेखाचं पाकीट तयार झालं. तीन दिवस त्यांना भाकर गोड लागली नाही. शुक्रवारी ते सरांपुढे उभे राहिले.

"सर, फुटली होती. मीच जास्त दाबलं. राग आला होता मले."

"राग? काहून?"

"राहू द्या ते."

सर भडकले. "मग तुमच्या आजवरच्या स्लाइडींचं काय समजू मी? बावीसच राहतील. सोमवारी पाकीट जाईल!"

मटक्यातल्या ओल्या रेतीत सातवी बी होती. नखाएवढं मूळ आलेलं. शनिवारी सकाळी त्यांनी टोक कापून औषधात ठेवलं. रविवारी आपल्याजवळच्या किल्लीनं प्रयोगशाळा उघडली. अंगठा टेकवला, पापणीवर ठेवावा तसा.

"चोवीस," ते मोठ्यानं म्हणाले. रिकामी बाकं. पुन्हा मोजलं. चोवीस. वाळू नये म्हणून काचेच्या कडा मेणानं बंद केल्या, कागदावर एकेक गुणसूत्र काढलं, आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिले. खोलीवर जाऊन तरी सांगायचं कोणाला?

सोमवारी त्यांनी नवी स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, सर डोळा लावून ओठ हलवत राहिले. मग पाकीट फाडलं. बावीसचे चोवीस झाले. लेख छापून आला, त्यात नत्थूजींचं नाव नव्हतं. त्याचं त्यांना एवढं नाही लागलं.

लागलं ते वेगळंच. त्यानंतर रिटायर होईपर्यंत, त्यांनी पुढे ठेवलेली प्रत्येक स्लाइड उजेडाला धरून सर विचारत, "नत्थूजी, आज राग नव्हता ना?"

"नव्हता सर," ते म्हणत, आणि अंगठा मुठीत मिटून घेत.