कसारा घाट आणि बाजूची सीट

द्वारका चौकाजवळच्या आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत मी कामाला लागले, त्या आठवड्यात वर्कशॉपप्रमुख अण्णा सोनजे ऑफिसात आले. "तुम्ही मराठी घेऊन एम.ए. झालात ना? मग एक पान लिहून द्या. तापलेल्या ब्रेकवर पाणी का ओतू नये."

मी पानभर लिहिलं. अण्णांनी उभ्याउभ्या वाचलं आणि तीन वाक्यं ठेवून बाकी खोडलं. "ड्रायव्हर हे वाचेल तेव्हा त्याच्या हातात पाण्याचा कॅन असेल," ते म्हणाले. "त्याला घाई असते." ती तीन वाक्यं आजही वर्कशॉपच्या भिंतीवर आहेत: 'तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका. ड्रम तडकतो. थांबा.'

अण्णांशी माझी ही पहिली ओळख. या वर्षी ते पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत.

अण्णांचं आयुष्य ड्रम ब्रेकमध्ये गेलं. त्यांच्या हाताखाली तयार झालेले मेकॅनिक घोटीपासून धुळ्यापर्यंत भेटतात. म्हणून शेठनी डिस्क ब्रेकचे ट्रेलर घ्यायचं काढलं, तेव्हा सगळं वर्कशॉप अण्णांच्या मागे उभं राहिलं. अण्णांचं म्हणणं सरळ होतं. ड्रम बंद असतो, धूळचिखल आत जात नाही. वाटेत बिघडला तर कुठल्याही गावात दुरुस्त होतो. डिस्कला हात लावणारा माणूस रस्त्यावर शोधायचा कुठे?

शेवटी ठरलं ते अण्णांच्याच सांगण्यावरून. एकसारख्या वजनाचे दोन ट्रेलर, एक ड्रमचा, एक डिस्कचा, दिवसाउजेडी कसारा घाट उतरायचे. ड्रम टिकला तर नवी खरेदी नाही.

ड्रमची गाडी इस्माईलभाईंकडे होती. ते मालेगावचे, आमचे सर्वांत जुने ड्रायव्हर. अण्णा त्यांच्या केबिनकडे निघाले, तसे ते म्हणाले, "अण्णा, त्या गाडीत बसा ना. नवी सीट हाय, एसी हाय."

"मी मुलाकडचा," अण्णा म्हणाले, "आणि मुलीकडच्या पंगतीत जेवू?"

मी मागच्या, डिस्कच्या गाडीत होते. घाटात त्या दिवशी वाहनांची रांग होती. दोन्ही गाड्या खालच्या गिअरमध्ये होत्या, तरी पुन्हा पुन्हा ब्रेक लागत होता. अर्ध्या घाटात ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास आमच्यापर्यंत आला. पुढची गाडी डावीकडे सरकत गेली आणि मोकळ्या जागेत जेमतेम थांबली.

इस्माईलभाई खाली उतरले तेव्हा त्यांचा सदरा भिजला होता. "ब्रेकवर पाय पूर्ण खाली गेला अण्णा, गाडी ऐकत नाय."

आमच्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "आमची तर ऐकतेय हो!"

"ऐकणारच. डिस्क म्हणजे तवा," अण्णा म्हणाले. "उघडा. वारा लागतो. ड्रम म्हणजे झाकण ठेवलेलं पातेलं. तापलं की फुगतं आणि आतल्या ब्रेक-शूपासून लांब जातं."

मग ते दोन्ही गाड्यांच्या प्रत्येक चाकाशी वाकले. हाताची मागची बाजू जवळ नेऊन, न टेकवता, उष्णता पाहिली. डिस्कही तापल्या होत्या, पण त्यांची पकड सुटली नव्हती. सारं पाहून झाल्यावर त्यांनी शेठना फोन लावला. "डिस्क घ्या. माझं चुकलं." आवाजात काही बदल नव्हता.

शेठनी त्यांना मागच्या गाडीतून यायला सांगितलं. आम्हीही दार उघडून धरलं. अर्धा घाट अजून खाली होता.

"याला ड्रम चांगला म्हणून मी सांगितलंय," अण्णा म्हणाले. "आता याला एकट्याला खाली पाठवू?"

ड्रम निवेपर्यंत आम्ही थांबलो. मग अण्णांनी एका हातानं गुडघा धरला, दुसऱ्यानं दांडी, आणि ते पुन्हा इस्माईलभाईंच्या शेजारी चढून बसले. त्या पाठीकडे मी पाहत राहिले. माणसं मत बदलताना मी पाहिली आहेत. मत चुकल्यावरही त्या मताबरोबरच उरलेला उतार उतरणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. गाडी रांगत खाली पोचली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या मेकॅनिकांना सांगितलं, "मी शिकवलं ते घाटाला लागू नाही." मग आमच्या तरुण इंजिनिअर मॅडमपुढे स्टूल घेऊन ते डिस्कचं पॅड बदलायला शिकले. कुणी ड्रमला नावं ठेवली तर मात्र आजही रागावतात. जुने ट्रेलर सपाटीवर चालतात, त्यांची देखभाल अण्णा स्वतः पाहतात.

इस्माईलभाई आता डिस्कची गाडी चालवतात. तरी घाटाच्या माथ्यावर थांबून अण्णांना फोन लावतात. "अण्णा, बाजूची सीट रिकामी हाय."

"गिअर खाली घे आणि गप उतर," अण्णा ओरडतात. खाली पोचल्याचा फोन येईपर्यंत चहा घेत नाहीत.

हा फोन त्यांनी अजून पुष्कळ वर्षं उचलावा. ठणठणीत आवाजात असंच ओरडावं. आणि त्यांचा चहा रोज वेळेवर व्हावा.